उलटा टाका

वूशी, ३ ऑक्टोबर १९६६

मावशी,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. म्हातारा गुई उद्या सूतकचऱ्याची खेप घेऊन होडीने सूचौला निघतो आहे, त्याच्या हाती देते. त्याला वाचता येत नाही.

दोन-तीन दिवसांत तुला माझं आणखी एक पत्र येईल. ते टपालाने येईल, गिरणीच्या कागदावर. अक्षर माझंच असेल, पण सांगणारा दुसरा असेल. त्यात एका झग्याच्या गुंड्यांबद्दल विचारलेलं असेल. तू एवढंच लिही: ओळखता येत नाही. पुढे एक शब्दही नको.

कारण सांगते. मागच्या आठवड्यात गिरणीच्या जुन्या मालकाच्या घराची झडती झाली. भिंतीच्या पोकळीत एक जांभळा रेशमी झगा सापडला. त्याला शेवंतीच्या आकाराच्या नऊ गुंड्या आहेत. नवव्या गुंडीच्या पोटात, जिथे कापूस भरतात तिथे, सोन्याचा तुकडा होता. ती गुंडी पाकळीच्या बाजूने कापली, तेव्हा तो खाली पडला. मालकीणबाई ऑगस्टमध्ये वारल्या, त्यामुळे विचारायला कुणी उरलेलं नाही. शोधपथकाचा प्रमुख बाओ म्हणतो, ज्याने गुंडी बांधली त्यानेच सोनं आत शिवलं. तो कारागीर सापडला की बाकीचं सोनंही सापडेल. बाओ पूर्वी आमच्याकडे सूत कातायच्या यंत्रांच्या चात्या दुरुस्त करायचा. या महिन्यात त्याने दोघांना चौकशीला बोलावलं. एकाला घरी उचलून आणावं लागलं. दुसरा अजून आलेला नाही.

सुताची ताकद आणि पीळ मोजणं हे माझं काम, म्हणून झगा माझ्या टेबलावर आला. तीन गुंड्या उलटून पाहिल्या. नवांतल्या तीन तपासायच्या हा प्रयोगशाळेचा नियम आहे. तिन्हींच्या पाठीवर, शेवटचा टाका संपल्यावर, एक टाका मागे वळलेला होता. तो पाहिल्यावर मी पुढच्या सहा उलटल्या नाहीत. अहवालात 'नऊही गुंड्या एकाच हातच्या' एवढं लिहिलं आणि सही केली. टाक्याचा उल्लेख केला नाही. पण बाओने भिंग मागून घेतलं आणि मी उलटलेल्या त्याच तिन्हींवर त्याला तो दिसला. मग माझा नोकरीचा जुना फॉर्म काढला. त्यात तुझं नाव आहे, आणि पुढे 'गुंडी कारागीर' असं लिहिलं आहे.

"अरे वा, जाणकार तर तुमच्या घरातच आहे!" तो म्हणाला. "विचारा की मावशीला, हा हात कुणाचा ते."

तो हसत होता. त्या हसण्याचा अर्थ मला लावता आला नाही.

वाचून झाल्यावर हे पत्र ठेवू नकोस.

जिंगवेई

*

वूशी, ६ ऑक्टोबर १९६६

कॉम्रेड यू च्याओयुन यांस,

आमच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत एक जुना स्त्रियांचा झगा तपासणीसाठी आला आहे. त्यावर रेशमाच्या उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीच्या, आत तांब्याची तार घातलेल्या, शेवंतीच्या आकाराच्या नऊ गुंड्या आहेत. प्रत्येक गुंडीच्या पाठीवर सात टाके असून सातव्यानंतर एक टाका उलट दिशेने घेतलेला आहे. सोबत आकृती जोडली आहे.

आपण या व्यवसायात बरीच वर्षे आहात. अशा पद्धतीने काम करणारा कारागीर आपल्या माहितीत आहे का, हे लेखी कळवावे.

गू जिंगवेई
तपासणी विभाग

*

सूचौ, १० ऑक्टोबर १९६६

आवेई पोरी,

अगं कॉम्रेड यू च्याओयुन काय, आपण काय, कळवावे काय! जिभेला खळ लावलीस की काय? तुला ढुंगण धुवायला मी शिकवलं, आणि मला 'आपण' म्हणतेस. शेजारच्या तान बाईंना वाचून दाखवलं तर त्या हसून हसून खोकायला लागल्या.

पण खरं सांगू, बरं वाटलं. किती वर्षांनी कुणी मला गुंडीचं विचारलं! कारखान्यात दिवसभर कापूस भरलेले कोट शिवते, त्यांना प्लास्टिकची बटणं. चार भोकं, आठ टाके, चल पुढं. आणि बाहेर तर काय विचारू नकोस. पुलावर शाळकरी पोरी कात्र्या घेऊन उभ्या असतात, अंगावर जुन्या पद्धतीचं काही दिसलं की कापतात. परवा तान बाईंच्या जाकिटाच्या गुंड्या कापून नेल्या. मी म्हटलं, "अगं बायांनो, कापायचंच तर टाक्याखालून कापा, कापड फाटतंय!" एकीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी आपली घरी आले.

तुझ्या साहेबांना सांग, ती आकृती कुणी काढली त्याला दोन गुण कमी. पाकळ्या अकरा असतात, त्याने दहा काढल्यात. बाकी गुंड्या कुणाच्या म्हणून काय विचारता? माझ्या! दुसऱ्या कुणाच्या असणार? अठ्ठेचाळीस सालच्या हिवाळ्यात केल्या, जांभळं रेशम, तुमच्याच वूशीच्या गिरणीवाल्या बाईंचा झगा. रेशीम रंगवून वाळवण्यापासून धरून नऊ गुंड्यांना अकरा दिवस लागले. बाई स्वतः दारात आल्या होत्या, चहाही घेतला नाही.

आणि तो उलटा टाका. त्याचं असं झालं, मी चौदा वर्षांची होते. उस्तादांनी एका नवरीच्या गळ्याची गुंडी मला लावायला दिली. नवरी सासऱ्याच्या पाया पडायला वाकली आणि गुंडी सुटून थेट त्यांच्या चहाच्या पेल्यात! उस्तादांनी मला पट्टीने मारलं. तेव्हापासून सात टाके झाले की आठवा मागे घेते. अख्ख्या सूचौत हा टाका दुसऱ्या कुणाचा नाही. सत्तावन्न साली प्रांताच्या हस्तकला कार्यालयाचे लोक आले होते, त्यांनीही हेच लिहून नेलं आणि मला शिक्क्याचा कागद दिला. तसंच काही तुमचंही चाललं असेल तर सांग, मी नमुने बांधून देते. पुन्हा कुणीतरी या गोष्टी कागदावर उतरवतंय, हे चांगलं झालं.

नव्या तळ्यातले शिंगाडे आलेत. गुईच्या हाती पाठवीन. तो या खेपेला आलाच नाही अजून, कुठं अडकलाय कोण जाणे.

तुझी मावशी

*

सूचौ, १२ ऑक्टोबर १९६६

आवेई,

गुई आज आला. वाटेत बंधाऱ्यापाशी सगळ्या होड्या तपासणीला थांबवल्या होत्या, सहा दिवस. तुझं पत्र सुताच्या गठ्ठ्यात दडवलं होतं त्याने, हेही त्याच्याच हाती देते. दारातच उभ्यानं वाचलं. मग खाली बसले.

काय करून बसले गं मी.

परवाचं पत्र टपालात पडलंय. आज सकाळी मी पोस्टात जाऊन त्या पोराला म्हटलं, दादा, माझं एक पत्र परत दे, चुकून टाकलंय. तो म्हणाला, "आजी, ते वूशीला पोचलं असेल. चूक काय होती?" मी म्हटलं, शुद्धलेखनाची. तो पुढच्या माणसाला तिकीट द्यायला लागला.

एकच बरं झालं, तू नऊ वर्षांची असताना तुला तो टाका शिकवला, हे मी लिहिलं नाही. दहा वेळा पेन तिथपर्यंत गेलं होतं. तुझ्या आईच्या जुन्या झग्यावर तू पहिली गुंडी लावलीस ते लिहायचं होतं. कसं कोण जाणे, राहून गेलं.

आणि ऐक. सोनं मी घातलं नाही. माझ्या गुंडीच्या पोटात कापूस, दुसरं काही नाही. बाईंनी पुढे कधी काय घातलं ते त्यांचं त्यांना माहीत. तू ती नववी उलटून बघ. मी काय केलंय आणि काय नाही, ते पाठीवर असतं.

रस्त्यात बूट वाजला की आता मी दाराची कडी बघून येते. कारखान्यात आज तिघींनी विचारलं, च्याओयुन, बरं नाही का? मी म्हटलं, शिंगाडे जास्त खाल्ले.

*

वूशी, १५ ऑक्टोबर १९६६

मावशी,

तुझं टपालाचं पत्र तेराला आलं. बाओने ते उघडून सगळ्या पथकासमोर मोठ्याने वाचलं. चहाच्या पेल्यापाशी लोक हसले. 'माझ्या! दुसऱ्या कुणाच्या असणार?' या वाक्यापाशी तो थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे वाचलं.

नंतर तो म्हणाला, "म्हातारी एक तर खरं बोलतेय, नाही तर फुशारकी मारतेय. तोंडाला विचारून काय उपयोग? हातांना विचारू."

पंचवीस तारखेला इथले दोघे तुझ्याकडे येतील. झग्याच्या तीन गुंड्या सोबत आणतील. तुला त्यांच्यासमोर गुंड्या बांधायला लावतील आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहतील. मी नात्यातली म्हणून मला पाठवणार नाहीत.

तुझ्या हातून त्या गुंड्या व्हायला नकोत. हा एकच मार्ग आहे. तू म्हण, मी बढाई मारली, तशा गुंड्या मला कधीच जमल्या नाहीत. म्हातारपणी बढाई मारली म्हणून फार तर शिव्या खाव्या लागतात. दुसऱ्या गोष्टीसाठी काय करतात, ते मी तुला लिहिलं आहे.

उलटा टाका घ्यायचा नाही, एवढंच पुरणार नाही. पट्टीची घडी, गाठीचा ताण, पाकळ्यांमधलं अंतर, सगळं ते पाहतील, कारण काय पाहायचं ते मीच त्यांना लेखी दिलं आहे. बाओने मागितलं तेव्हा नकार देता आला नाही. म्हणून पट्टी जाड काप. खळ कमी लाव, म्हणजे ती मऊ राहील. गाठ ओढताना मनात तीन मोज आणि तीनच्या आधी सोड. टाके पाच घे. रोज वीस बांध, कितींमध्ये जुनी सवय आली ते लिहून ठेव.

नववी गुंडी उलटून काही मिळणार नाही. सोनं कुणी घातलं हे बाओ विचारत नाही, गुंडी कुणाची एवढंच विचारतो. शिवाय झगा आता कुलपात आहे. मी पुन्हा मागितला, तर का, असं विचारतील.

जिंगवेई

*

सूचौ, २० ऑक्टोबर १९६६

आवेई,

तू सांगितलंस तसं लिहून ठेवलंय. पहिल्या दिवशी वीस बांधल्या, चौदांमध्ये उलटा टाका आला. दुसऱ्या दिवशी अकरा. काल नऊ. आज पुन्हा बारा. आज मी मोजत होते, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि थांबले. सुई खाली ठेवली. पाणी प्यायले. परत येऊन बघते तर सात झालेत आणि आठवा मागे वळलाय. मी कधी केला? घरात दुसरं कुणी नव्हतं.

मऊ पट्टी घेतली तर हात आपोआप तिला जास्त पीळ देतो, म्हणजे ती ताठ होते. अंतर वेडंवाकडं ठेवायचं म्हटलं, तर बोट आपलं आपण सरकून जागेवर जातं. हे हात आहेत की दुसऱ्याचे नोकर? सेहेचाळीस वर्षं त्यांना मीच मारून मारून नीट वळण लावलं, आणि आता चूक कर म्हटलं तर ऐकत नाहीत. डाव्या हाताने करून पाहिलं. तान बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही डावखुऱ्या नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. त्यांनी विचारलं तर?"

हो, तान बाईंना सांगितलंय. कुणाला तरी सांगणं भाग होतं. त्या शिक्षकाच्या विधवा, त्यांच्या घराचीही दोनदा झडती झालीय, त्या बोलणार नाहीत.

ज्या गुंड्या बांधते त्या चुलीत टाकते. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. शेजारी विचारतात, काय शिजवतेस? भूक तर लागतच नाही. पेज घेते, खारवलेली मोहरीची भाजी तोंडात ठेवते, ती तशीच राहते.

पाच दिवस उरलेत. त्यांच्यासमोर बसल्यावर हात घाबरेल की विसरेल, ते मला सांगता येत नाही. मला वाटतं, घाबरला की तो जुनंच करेल. मी लहानपणी उस्तादांसमोर घाबरूनच तर नीट करायला शिकले.

*

सूचौ, २७ ऑक्टोबर १९६६

चिरंजीव जिंगवेई,

हे पत्र मी, तुझ्या मावशीची शेजारीण तान, लिहिते आहे. ती सांगते तसं लिहिते. तिच्या उजव्या हाताला पट्ट्या आहेत.

ती म्हणते, काळजी करू नकोस. चोवीस तारखेला सकाळी चुलीवर तापवायची ती लहान इस्त्री हातावर पडली. (पडली असं लिहा म्हणते, म्हणून पडली लिहिते.) अंगठा, तर्जनी आणि मध्यमा, तिन्ही बोटांची पेरं, आतल्या बाजूने. कारखान्याच्या दवाखान्यात मलम लावलं. बोटं राहतील म्हणतात, पण सुई धरता येईल असं कुणी म्हटलं नाही.

पंचवीसला दोघे आले. एक पुरुष, एक तरुण मुलगी. कारखान्याच्या आवारात टेबल मांडलं, सगळ्या कामगारांना उभं केलं. मीही होते. पुरुष म्हणाला, "आजच बरा हात भाजला, आजीबाई!" तुझी मावशी म्हणाली, "आज नाही, काल. आणि मी तर बांधते म्हणतेय, द्या इकडे." पट्ट्या सोडून तिने तीन गुंड्या बांधल्या. दीड तास लागला. रक्त आणि मलम लागून रेशमाची पट्टी डागाळली. एक गुंडी बांधता बांधताच सुटली. दुसरी लसणाच्या पाकळीसारखी. ती मुलगी हसू दाबत होती.

पुरुष म्हणाला, हात भाजलाय म्हणून अशा झाल्या असतील. तेव्हा तुझी मावशी उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "भाजण्याआधीही अशाच व्हायच्या. मी खोटं बोलले. तो झगा माझ्या उस्तादांनी केला, ते पन्नास साली वारले. टाकाही त्यांचाच होता, मी चोरून माझा सांगत आले. सत्तावन्न सालचा शिक्क्याचा कागदही मी खोटं बोलून मिळवला." मग तिने तो कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला.

कारखान्यातल्या बायका, ज्यांच्या मुलींच्या लग्नाच्या गुंड्या हिने बांधल्या, त्या खाली बघत होत्या. एक जण म्हणाली, "मला पहिल्यापासून संशय होताच." मला ती घाबरून म्हणाली असं वाटतं. तुझी मावशी म्हणते, नाही, तिला खरंच वाटलं, आणि तेच बरं.

तिच्या गळ्यात पाटी अडकवून दोन तास आवारात उभं केलं. पाटीवर 'बढाईखोर' लिहिलं होतं. मग ते निघून गेले.

ती विचारते, एवढ्यावर भागलं का ते कळव. आणि म्हणते, ती नववी कधी पाहायला मिळाली तर पाठीवर काय आहे ते सांग. नुसतं माहीत असावं म्हणून.

तान

*

वूशी, ९ नोव्हेंबर १९६६

मावशी,

भागलं. दोघांनी लिहून दिलं की तू कारागीर नाहीस. कारागीर मेलेला आहे, तेव्हा त्याच्यामागे जाण्यात अर्थ नाही, असं बाओ म्हणाला. तुझा शिक्क्याचा कागद त्याने फाइलला लावला. नंतर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मावशी भारी नाटकी आहे हं तुमची." मी म्हटलं, "हो, लहानपणापासून तशीच आहे." एवढंच बोलणं झालं.

इस्त्रीबद्दल. तू ती उजव्या हातात धरतेस. हातातून सुटली तर ती डाव्या हातावर पडेल किंवा पायावर. उजव्या हाताच्या तीन पेरांच्या आतल्या बाजूला भाजायचं, तर ती डाव्या हाताने धरावी लागते आणि उजवा हात खाली ठेवून थांबावं लागतं. तिन्ही बोटांवर सारखं भाजायला किती वेळ थांबावं लागेल, त्याचा अंदाज मी केला. तो इथे लिहीत नाही. दवाखान्यात कुणी हा हिशोब केला नाही, हे आपलं नशीब.

आता नववीचं. तू विचारलंस म्हणून सांगते. आधी ठरवलं होतं की सांगायचं नाही.

मागच्या शनिवारी मला हुकूम मिळाला: झग्याच्या गुंड्या काढा, मोजा, यादी करा, बॉयलरमध्ये टाका. म्हणून नवाच्या नऊ पहिल्यांदाच माझ्या हातात आल्या. मी सगळ्या उलटल्या. आठांच्या पाठीवर तुझे सात टाके आणि आठवा उलटा. नववीवर नाही. तिथे जाड घरगुती दोरा आहे, उजव्या पिळाचा. तू आयुष्यभर डाव्या पिळाचा वापरलास. टाके बारा, वेडेवाकडे, शेवटी साधी गाठ. तुझ्या दोऱ्याची भोकं खाली रिकामी दिसतात. कुणीतरी तुझी गुंडी पाठीकडून उसवली, सोनं आत घातलं आणि न शिकलेल्या हाताने पुन्हा शिवली. बहुतेक मालकीणबाईंनी स्वतः. हे साध्या डोळ्यांना दिसतं, भिंग लागत नाही.

तीन ऑक्टोबरला ती माझ्या टेबलावर होती. पाठ शाबूत होती. मी तीन उलटल्या, तुझा टाका पाहिला आणि थांबले. नियम तीनचा आहे हे खरं. पण नियमामुळे मी थांबले नाही, मी घाबरले म्हणून थांबले. आणि 'नऊही गुंड्या एकाच हातच्या' असं लिहून सही केली. ज्या वाक्याच्या आधारावर बाओ कारागिराला शोधायला निघाला, ते वाक्य माझं आहे आणि चूक आहे. बारा तारखेला तू लिहिलं होतंस, नववी उलटून बघ. मी तुला उत्तर दिलं की त्यातून काही मिळणार नाही.

खरं लिहिलं असतं तर बाओने ते मानलं असतं का, मला माहीत नाही. कदाचित नसतं मानलं. पण मोजायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही.

आता अहवाल दुरुस्त करता येत नाही. दुरुस्त केला तर आठ गुंड्यांच्या कारागिराचा शोध नव्याने सुरू होईल. म्हणून यादीत मी पुन्हा तेच वाक्य लिहिलं, आणि नऊही बॉयलरमध्ये टाकल्या. एकही ठेवली नाही. ठेवावीशी वाटली होती, पण अंगझडती घेतात.

तू मला काय म्हणशील ते तान बाईंकडून लिहवून घे, किंवा घेऊ नकोस. गुईबरोबर भाजल्यावर लावायचं मलम पाठवते आहे, दिवसातून दोनदा लाव. बोटं रोज गरम पाण्यात हलवत जा, नाही तर ती आखडतील.

आणखी एक. काल माझ्या कामाच्या कोटाचं बटण तुटलं, प्लास्टिकचं, चार भोकांचं. मी ते प्रयोगशाळेतच लावलं, समोर लोक होते. लावून झाल्यावर कोट उलटा केला, तर शेवटचा टाका मागे वळलेला. मी तो उसवला आणि पुन्हा लावलं. पुन्हा तोच आला. तिसऱ्यांदा उसवताना बाओ दारात उभा दिसला, म्हणून दोरा तोडून कोट अंगात घातला.

इथे आज ऊन आहे. बाकीच्या मुलींनी कोट काढून खुर्च्यांवर टाकलेत. मी घालून बसले आहे.

आवेई